स्पायवेअर काढल्यानंतर बंद पडलेला ब्राउझर

सप्रेम नमस्कार मंडळी,

आमच्या घरच्या संगणकावरचे स्पायवेअर, म्हणजे नकळत शिरून पाळत ठेवणारा प्रोग्राम, मी गेल्या शनिवारी असे प्रोग्राम शोधून काढणारा स्कॅनर चालवून काढले. फुकट मिळणारा एक पीडीएफ कन्व्हर्टर उतरवून घेतला होता, त्याच्याबरोबरच ते आले असावे, कारण त्या दिवसापासून प्रत्येक पानावर न मागितलेल्या जाहिराती दिसत होत्या. स्कॅनरने चौदा नोंदी दाखवल्या. त्या सर्व काढून संगणक पुन्हा सुरू केला, आणि तेव्हापासून क्रोममध्ये किंवा एजमध्ये एकही संकेतस्थळ उघडत नाही. वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते आणि त्याच वाय-फायवर फोन व्यवस्थित चालतो. क्रोम काढून पेन ड्राइव्हवरून पुन्हा टाकून पाहिले, पण फरक पडला नाही. विंडोज ११ आहे. घरातले दहा वर्षांचे फोटो याच डिस्कवर असल्यामुळे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकायला मन धजत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

आपली,
एक सभासद

---

ताई, नमस्कार.

विंडोज नव्याने टाकण्याची घाई करू नका. अशा वेळी स्कॅनरनेच काहीतरी बिघडवले असे वाटते, पण बहुतेकदा त्याने आपले काम चोख केलेले असते. जाहिराती घुसवणारे स्पायवेअर ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मध्ये ठाण मांडून बसते आणि ‘सगळी ये-जा माझ्यामार्फत होऊ दे’ अशी नोंद विंडोजच्या सेटिंगमध्ये करून ठेवते. स्कॅनर त्या प्रोग्रामच्या फाइली काढून टाकतो, पण ती नोंद पुष्कळदा तशीच राहते. मग ब्राउझर जागेवर नसलेल्या मध्यस्थाचेच दार ठोठावत राहतो. क्रोम पुन्हा टाकून उपयोग झाला नाही तो यामुळेच, कारण क्रोम आणि एज दोघेही प्रॉक्सीची, म्हणजे अशा मध्यस्थाची, सेटिंग विंडोजकडूनच घेतात.

नोंद नेमकी कुठे राहिली आहे ते आधी ओळखू. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची विंडोजची खिडकी, उघडून रोमन अक्षरांत ‘पिंग’ (ping) लिहा, एक जागा सोडून 8.8.8.8 हा आकडा लिहा आणि एंटर दाबा. उत्तरे आली, तर संगणकापासून बाहेरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. त्यानंतर ‘एनएसलुकअप’ (nslookup) लिहून त्यापुढे विकिपीडियाचा पत्ता द्या. त्यावर आकडी पत्ता आला, तर नावावरून पत्ता शोधण्याचे काम, म्हणजे डीएनएस, चालू आहे. या दोन्ही आज्ञा प्रॉक्सीच्या वाटेने जात नाहीत, म्हणून दोन्हींना उत्तर मिळूनही ब्राउझर अडत असेल, तर संशय सरळ प्रॉक्सीवर घ्यावा. पहिलीला उत्तर मिळाले आणि दुसरीला नाही, तर दोष डीएनएसचा समजावा.

डीएनएसचे एक जुने उदाहरण इथे सांगतो, कारण तुमच्यासारखाच प्रसंग तेव्हा फार मोठ्या प्रमाणावर आला होता. डीएनएसचेंजर नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, लाखो संगणकांचे डीएनएस आपल्या सर्व्हरकडे वळवले होते. नोव्हेंबर 2011 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने ते सर्व्हर ताब्यात घेतले. मात्र ते एकदम बंद केले असते तर त्या सगळ्या घरांतले इंटरनेट थांबले असते, म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते 9 जुलै 2012 पर्यंत चालू ठेवले गेले. ज्यांनी तोवर आपली सेटिंग दुरुस्त केली नाही, त्यांचे ब्राउझिंग त्या दिवशी बंद पडले.

दोन्ही उत्तरे जशी येतील तशी इथे कळवा.

---

काका, नमस्कार.

पिंगला चारही उत्तरे आली आणि विकिपीडियाचा आकडी पत्ताही दिसला. आपण प्रॉक्सीचा उल्लेख केला होता, म्हणून सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट आणि त्याखाली प्रॉक्सी उघडून पाहिले. तिथे ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू आहे आणि पत्त्याच्या जागी 127.0.0.1 लिहिलेले आहे. हा पत्ता कोणाचा?

---

ताई, तो तुमच्याच संगणकाचा पत्ता आहे. 127.0.0.1 म्हणजे प्रत्येक संगणकाचे स्वतःसाठीचे नाव, आणि स्पायवेअर याच पत्त्यावर, घरातल्या घरात, कान लावून बसले होते. ते गेले, त्यामुळे आता तिथे ऐकणारे कोणी नाही. तो प्रॉक्सी बंद करा, ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’ चालू असेल तर तेही बंद करा, आणि ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’ चालू राहू द्या. ऑफिसच्या कामासाठी मुद्दाम प्रॉक्सी घातलेला असेल, तर मात्र आधी ऑफिसला विचारा.

---

मंडळी, या चर्चेत माझे मत नोंदवतो. एकदा स्पायवेअर शिरलेल्या संगणकावर विश्वास ठेवण्यापेक्षा फोटो बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावेत आणि विंडोज नव्याने टाकावे. सेटिंगमागून सेटिंग शोधत बसण्यात वेळ जातो आणि मनातली शंका काही जात नाही.

---

आपला मुद्दा रास्त आहे, आणि दुरून संगणकाचा ताबा घेणारे किंवा विंडोजच्या गाभ्यात लपणारे काही सापडले असते तर मीही हेच सुचवले असते. स्कॅनरच्या नोंदी जाहिरातबाज प्रोग्रामपुरत्या असतील, तर दुरुस्ती पुरेशी होते असे माझे मत आहे. फोटोंची प्रत मात्र आजच काढावी, याबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे.

---

काका, प्रॉक्सी बंद करताच पाने उघडली आणि घरातल्या सर्वांना हायसे वाटले. फोटोंची प्रतही रात्रीच काढली. पण आज सकाळी संगणक सुरू केला, तर ब्राउझर पुन्हा बंद. प्रॉक्सीचे बटण आपोआप चालू झाले होते. स्कॅनरच्या नोंदी पुन्हा वाचल्या. सर्व ‘अॅडवेअर’ (जाहिराती दाखवणारा प्रोग्राम) किंवा नको असलेला प्रोग्राम अशाच होत्या.

---

याचा अर्थ, ते बटण दाबणारा कोणीतरी अजून शिल्लक आहे. टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी विंडोजची सोय, उघडून डावीकडच्या लायब्ररीवर क्लिक करा आणि ‘ट्रिगर्स’ या रकान्यात ‘लॉग ऑन’ असलेल्या ओळी पाहा. त्यांतल्या एखादीला त्या कन्व्हर्टरचे नाव असेल किंवा अर्थहीन अक्षरांचे नाव असेल, तर ‘अॅक्शन्स’मध्ये ती कोणती फाइल चालवते ते वाचा. ‘अॅपडेटा’ या प्रोग्रामची माहिती साठवणाऱ्या फोल्डरखालच्या अनोळखी फोल्डरमधली स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) असेल, तर ती ओळ लगेच पुसू नका, आधी डिसेबल करा. चुकून कामाची ओळ बंद झाली असेल, तर ती परत चालू करता येते. त्यानंतर स्कॅनर नव्याने अद्ययावत करून पूर्ण तपासणी करा.

आता एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे अशी कळकळीची विनंती आहे, कारण ब्राउझर चालू झाला की बहुतेक लोक इथेच थांबतात. सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएस पानांतही जाहिराती घुसवता याव्यात, म्हणून असे प्रोग्राम विंडोजच्या विश्वासू यादीत आपले मूळ प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळ खरे असल्याची ग्वाही देणारा शिक्का, घालतात. ते मागे राहिले आणि त्याची गुप्त किल्ली कोणाच्या हाती लागली, तर तो बँकेचे खोटे पान तयार करू शकतो आणि ब्राउझर त्यावर चकार शब्दाने सावध करणार नाही. स्टार्टच्या शोधखिडकीत ‘सर्टिफिकेट’ लिहिल्यावर वापरकर्त्याची आणि पूर्ण संगणकाची अशा दोन याद्या मिळतील; दोन्हींमध्ये ‘ट्रस्टेड रूट’ हा कप्पा पाहा. नावे अपरिचित वाटतील, म्हणून अंदाजाने काहीही पुसू नका. दुसऱ्या स्वच्छ विंडोज संगणकाशी ताडून पाहा. काही अँटीव्हायरसही स्वतःचे प्रमाणपत्र घालतात, त्याला हात लावू नये.

पासवर्ड फोनवरून बदला, आणि सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. बदलताना सर्व उपकरणांवरून लॉग आउट करण्याचा पर्यायही निवडा. चोरलेली कुकी, म्हणजे लॉग इन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली नोंद, हाती असेल, तर नुसता पासवर्ड बदलून चोर खात्याबाहेर जाईलच असे नाही.

---

काका, आपण म्हणालात तशीच ओळ सापडली. कन्व्हर्टरच्या नावापुढे ‘अपडेट’ असा शब्द होता आणि ती लॉग ऑनच्या वेळी चालत होती. डिसेबल करून दोनदा संगणक बंद-चालू केला. प्रॉक्सी दोन्ही वेळा बंदच राहिला. विश्वासू यादी बहिणीच्या लॅपटॉपशेजारी बसून ओळीने ताडली, तेव्हा त्याच नावाचे एक प्रमाणपत्र पूर्ण संगणकाच्या यादीत मिळाले. कन्व्हर्टर बसवला त्याच दिवशीची तारीख त्यावर होती. ते काढले. ईमेलचा पासवर्ड काल बदलला, बँकेचा आज बदलते आहे. शेड्यूलरमधली ओळ आठवडाभर तशीच ठेवून मग पुसेन.