तारपा परदेशी गेला म्हणून बाटत नाही; प्रश्न आहे तो कोण नेतो याचा

मासुंदाकाठ:
काल इथे कोपरीकरांनी लिहिले, "आदिवासींना परदेशात नाचवणे बंद करा. वारली कला पाड्यावरच खरी, बाहेर गेली की तमाशा होतो." वाचून राहवले नाही म्हणून वेगळा धागा काढतो आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात सहभागी झाले, तेव्हा वारली कला बाटली का? २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हाही ते डहाणूकडच्या गंजाड गावचेच होते. कला पाड्यावरच ठेवा, हे सांगायला आपण ठाण्यातले लोक कोण? ज्यांची कला आहे त्यांनी ठरवावे.

कोपरीकर:
"त्यांनी ठरवावे" हेच तर होत नाही. कार्यक्रम पाठवणारी संस्था ठरवते. तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य. त्याच्या नाचात वादक मधे असतो, सगळे हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. म्हणजे बाहेर बसलेल्या माणसाला पाठीच दिसणार. मग व्यवस्थापक सांगतो, अर्धवर्तुळ करा, तोंड प्रेक्षकांकडे, वेळ सात मिनिटे. वर्तुळ तुटले की तो तारपा नाच उरत नाही, कवायत होते. तुमच्या पॅरिसने याचे उत्तर द्यावे.

येऊरवाट:
यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. रंगमंच नको, मोकळी जमीन मागा. प्रेक्षक चारी बाजूंनी उभे करा. वर्तुळाला किमान दहा मीटर व्यास, कारण काठी घेऊन पुढे चालणारा साखळी आत-बाहेर नेतो तेव्हा जागा लागते. वादकाच्या तोंडासमोर माइक लावू नका, आवाज कर्ण्यातून येतो. वेळ वीस मिनिटांखाली नको, कारण गत (तारप्याची धून) बदलते तशी पावले बदलतात आणि सात मिनिटांत एकच गत संपते. हे सगळे करारात लिहून घ्या. तोंडी सांगितले तर तिकडे पोचल्यावर लाकडी स्टेजच मिळते.

बेलापूरकर:
करार होईल, पण तारपा पोचेल का? परदेश म्हटले की सगळे व्हिसाची चर्चा करतात, वाद्याची कोणी नाही. वाळलेला दुधी, बांबूच्या दोन नळ्या, आत सूर देणाऱ्या जिभा, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांध्यांना मधमाशीचे मेण. ऑस्ट्रेलियासारख्या देशात यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट तपासणीला थांबते. घोषणापत्रात "वाद्य" एवढेच लिहिले तर अडकलेच. दुधी, बांबू, ताडाचे पान, मेण असे वेगवेगळे लिहावे, आणि त्या देशाची अट असेल तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आधी काढावे. मोरपिसे तर नेऊच नयेत, त्यांच्या निर्यातीला आपल्याकडेच बंदी आहे. परत आणायच्या वाद्यांना एटीए कार्नेट, म्हणजे सीमाशुल्क न भरता तात्पुरते नेण्याचा परवाना, घ्यावे. ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते आणि त्याची मुदत एक वर्ष असते. लाकडी खोका असेल तर त्यावर उष्णता प्रक्रियेचा शिक्का हवा. लाकूड ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे, गाभ्यापर्यंत. शिक्का नसेल तर आतल्या तारप्यासकट खोका बाहेर राहतो.

येऊरवाट:
मेणाचे राहिले. मे महिन्यात खोका दिवसभर उन्हात राहिला तर मेण मऊ पडते, नळी सरकते, सांध्यातून हवा जाते आणि वादकाने कितीही फुंकले तरी सूर धरत नाही. थंडीच्या देशात उलटे. मेण कडक होऊन तडकते. त्यात हॉलमधली हीटरची कोरडी हवा दुधीला आणि बांबूला चिरा पाडते. म्हणून कर्णा वेगळा काढून कडक नळकांड्यात, दुधी गवतात नव्हे तर सुती कापडात (गवतही तपासणीत अडकते), सोबत पावशेर मेण आणि जिभांचे दोन-तीन जादा संच. पोचल्यावर वाद्य लगेच वाजवू नये, एक दिवस खोलीच्या हवेत ठेवावे. आणि दुसरा तारपा हवाच. एकाच तारप्यावर दौरा काढणे हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.

खारघर_डोंगर:
तारप्याला दिलेत तेवढेच लक्ष चित्रांकडे द्या. शेणाने सारवलेले कापड बऱ्याच देशांत चालत नाही. मग कारागीर गेरूचा थर देतात. त्यात डिंक जास्त झाला की गुंडाळताना तडे जातात, कमी झाला की तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग भुकटी होऊन झडतो. कापड रंगीत बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळावे. आत ठेवून घट्ट गुंडाळले तर रंग दबून सोलतो. आणि तांदळाला कीड लागते, म्हणून संग्रहालये असे कापड आधी वेगळे ठेवतात, कधी गोठवतात. दोन आठवडे हाताशी नसतील तर उद्घाटनाला भिंत रिकामी.

डहाणू_ते_ठाणे:
वाचते आहे मघापासून. मेणाची काळजी, डिंकाची काळजी, खोक्याचीही काळजी. माणसाची कधी? जनगढ सिंह श्याम, गोंड परधान चित्रकार, मध्य प्रदेशातले. २००१ मध्ये जपानमध्ये निइगाता प्रांतातल्या मिथिला संग्रहालयात मुक्कामी असताना त्यांनी जीव दिला. लांबचा मुक्काम, भाषा नाही, आपले माणूस जवळ नाही. यानंतर तरी नियम व्हायला हवा होता: एकट्याला पाठवायचे नाही, पासपोर्ट कलाकाराच्या स्वतःच्या खिशात, परतीचे तिकीट बदलता येणारे, घरी रोज बोलण्याची सोय. एवढे नसेल तर तुमचा दुसरा तारपा काय कामाचा?

बेलापूरकर:
ताई, वाद्याबद्दल लिहिले म्हणजे माणसाची पर्वा नाही, असा अर्थ काढू नका. रागावण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण आम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका.

डहाणू_ते_ठाणे:
पिंजरा नाही, क्रम विचारते आहे. आधी माणूस, मग खोका. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी मंजुरी लागेल असा शेरा) येते आणि मधला माणूस त्याला सांगतो, "तुला जाता येणार नाही, तुझ्या जागी दुसरा नेऊ." हे खोटे आहे. ईसीआरची अडचण ठरावीक देशांत नोकरीला जाताना येते, कार्यक्रमाच्या व्हिसाला नाही. हे पाड्यावर कोणी सांगत नाही, आणि खरा वादक घरी राहतो.

कोपरीकर:
मी तेच म्हणत होतो! पाठवूच नका.

डहाणू_ते_ठाणे:
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्ही दार लावायला सांगता, मी किल्ली त्यांच्याकडे द्यायला सांगते. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 'ते माओरी' प्रदर्शन झाले. वस्तूंबरोबर न्यूझीलंडच्या माओरी या मूलनिवासींचे ज्येष्ठ गेले, पहाटे त्यांनी आपल्या विधीने ते उघडले, आणि वस्तू पाठवायच्या की नाहीत हेही जमातींशी बोलून ठरले. पूर्वजांना काचेत ठेवलेली वस्तू म्हणून नव्हे, पूर्वज म्हणून भेटवले. आपल्याकडे अशी एक तरी रीत बसवली का?

मासुंदाकाठ:
हे उदाहरण चपखल आहे. मला सुचले नव्हते, मान्य करतो.

खारघर_डोंगर:
मग लग्नचौकाचेही, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढतात त्या चित्राचेही, बोला. पालघाट देवीचा चौक सवासिनी काढतात, धवलेरी (लग्न लावणारी वारली बाई) गाते, आणि तो त्या घरातल्या त्या लग्नापुरता असतो. पुढे सारवणात जातो. परदेशात तोच चौक आर्ट गॅलरीत, काढणारे बहुतेक पुरुष. ज्या बायकांचा तो अधिकार, त्या विमानात किती बसल्या? नाव "वारली संस्कृती", आणि धवलेरी घरी. अमेरिकेतले नवाहो आदिवासी विक्रीच्या वाळूचित्रांत मुद्दाम काही बदलतात, काही गाळतात, म्हणजे विधीचे चित्र विधीतच राहते. आपल्याकडे ही रेघ कोणी आखायची?

मासुंदाकाठ:
पण जिव्या म्हसे पुरुषच होते. त्यांनी चित्र लग्नघराबाहेर काढले, शेती, नाच, मासेमारी आणली, म्हणून तर जगाला वारली कळले.

खारघर_डोंगर:
त्यांच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. नांगरणीचे चित्र कोणीही काढावे. चौक कोणी काढायचा आणि तो बाहेर न्यायचा का, हे धवलेरींना विचारा.

येऊरवाट:
आणि इतिहास? आयोजकांना नाच हवा असतो, वारल्यांच्या उठावाचे १९४५ नको. वेठबिगारी, लग्नाच्या कर्जापायी राबणारे लग्नगडी, १० ऑक्टोबर १९४५ चा तलवाड्याचा गोळीबार, त्यात गेलेले जेठ्या गांगड. हे सांगणारा माणूस पथकात हवा. दुभाषे दोन लागतात, वारलीतून मराठी आणि मराठीतून इंग्रजी. चाळीस मिनिटे मिळाली तर प्रत्यक्ष बोलणे तेरा-चौदा मिनिटांचेच होते, तेवढेच ठरवून जावे. थेट वारलीतून इंग्रजीत सांगणारे तरुण तयार झाले तर वेळ वाचेल आणि मधला माणूस गाळेल ते गळणार नाही.

बेलापूरकर:
इतिहास सांगताना डहाणूजवळच्या वाढवण बंदराचेही सांगू द्या, की तेवढे गाळायचे? मूलनिवासींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्याला १४४ देशांनी होकार दिला, भारतानेही. त्यातले ३१ वे कलम सांगते की वारशावर ताबा त्या लोकांचा. पण आपले सरकार "सगळेच भारतीय मूलनिवासी" म्हणते. मग ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मिरवणूक कशाची काढायची?

मासुंदाकाठ:
बंदराचा वेगळा धागा काढा, तिथे भांडू. इथे दौऱ्याचे चालू आहे.

डहाणू_ते_ठाणे:
वेगळा नाही. ज्याची जमीन जाणार, त्याने परदेशात फक्त हसत नाचायचे, हाच तर आक्षेप आहे. विचारले तर उत्तर द्यायची मोकळीक करारात लिहा.

कोपरीकर:
माझा मूळ शब्द "बंद करा" चुकला असेल. धवलेरी सोबत, चौक त्यांच्या परवानगीशिवाय बाहेर नाही, नाच जमिनीवर, पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे, आणि हे सगळे लेखी. एवढे असेल तर विरोध करणार नाही. पण अजून असा एकही करार माझ्या पाहण्यात नाही. कोणाकडे असेल तर नावे झाकून इथे टाका.

येऊरवाट:
मसुदा मीच करतो. आधी तो वारलीत वाचून दाखवायचा, मग सही. खोक्याचा शिक्का शेवटच्या पानावर.

डहाणू_ते_ठाणे:
पहिल्या पानावर धवलेरींच्या मानधनाचा आकडा लिहा, पुरुषांइतकाच. तो रिकामा सोडून मसुदा पाठवू नका.