मदत हवी आहे: वाइल्डकॅट जड झालं ते सहा मशीनगनमुळेच का?

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातल्या ग्रमन एफ४एफ-४ वाइल्डकॅट या अमेरिकी लढाऊ विमानाचं १/४८ मापाचं मॉडेल करतोय. पंखाची पुढची कड घासताना मशीनगनची भोकं मोजली. प्रत्येक पंखात तीन: दोन शेजारी-शेजारी, तिसरं त्यांच्यापासून सुटं, टोकाच्या बाजूला. आधीच्या एफ४एफ-३ला हे तिसरं नव्हतं. त्या एका भोकापायी दोन आठवडे वहीत आकडेमोड चाललीय आणि आता अडलोय.

सगळीकडे वाचायला मिळतं ते असं. मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात अमेरिकी नौदलाचे वैमानिक एफ४एफ-३ घेऊन लढले, जूनमध्ये मिडवेच्या लढाईत त्यांच्या हाती एफ४एफ-४ आलं. इंजिन तेवढ्याच १२०० अश्वशक्तीचं, पण अर्धा इंची ब्राउनिंग मशीनगन चाराच्या सहा झाल्या. (सहांचा आग्रह मूळचा ब्रिटिश नौदलाचा.) विमान जड झालं, चढाई मंदावली, आणि समोर होतं जपानी झीरो, जे फक्त ९४० अश्वशक्तीवर सरसर वर चढायचं. वैमानिक नाराज झाले. इथवर पटतं.

आता माझं गणित बघा. एक ब्राउनिंग साधारण २९ किलो, कडीसकट एक काडतूस साधारण १३६ ग्रॅम.

एफ४एफ-३: ४ गन, प्रत्येकी ४५० काडतुसं. ११६ + २४५ = ३६१ किलो.
एफ४एफ-४: ६ गन, प्रत्येकी २४० काडतुसं. १७४ + १९६ = ३७० किलो.

फरक जेमतेम ९ किलो! गन वाढल्या, पण काडतुसं १८०० वरून १४४० वर आली. रिकाम्या विमानाचं वजन मात्र दोनशे किलोंहून जास्त वाढलेलं दिसतं. मिनिटाला ८०० फैरी धरल्या तर मारा करायचा वेळ ३४ सेकंदांवरून १८ वर येतो. वैमानिकांचा हा राग मला पूर्ण समजतो, तिथे त्यांचं खरंच नुकसान झालं. पण चढाईचं खापर मशीनगनवर फोडणं बरोबर आहे का? माझं कुठे चुकतंय? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

प्रतिसाद १

चुकत नाहीये. मुख्य वजन दुमडत्या पंखांचं आहे: बिजागऱ्या, खिट्ट्या, तिथला मजबूत केलेला सांगाडा. शिवाय चिलखत आणि गोळी लागली तरी आपोआप बुजणाऱ्या टाक्या. या पंखांमुळेच मिडवेला एकेका विमानवाहू नौकेवर १८ ऐवजी २७ लढाऊ विमानं मावली. नौदलाने चढाई देऊन संख्या घेतली, असं म्हणा.

दोन गोष्टी मात्र वहीत घाला. काडतुसं झाडली की वजन उतरतं, गनचं उतरत नाही. सगळा साठा संपल्यावर तुमचा फरक ९ नाही, ५८ किलो होतो. आणि ती बाहेरची गन मध्यापासून लांब आहे, त्यामुळे विमान कुशीवर वळवताना तिचं वजन जास्त जाणवणार.

पडताळा हवा असेल तर जनरल मोटर्सने बांधलेलं वाइल्डकॅट, एफएम-१, घ्या. इंजिन तेवढंच, पंखही दुमडणारे, पण पुन्हा चार गन, प्रत्येकी ४३० काडतुसं.

---

धागाकर्ता

मनापासून आभार! लगेच मांडलं: ११६ + २३४ = ३५० किलो. म्हणजे एफ४एफ-४ पेक्षा फक्त २० किलो हलकं. पुढच्या एफएम-२ची चढाई सुधारली, त्यातही चार गनपेक्षा १३५० अश्वशक्तीचं राइट सायक्लोन इंजिन आणि हलकं केलेलं विमान यांचाच हात मोठा असणार. साठा संपल्यावरचा मुद्दा माझ्या अजिबात लक्षात आला नव्हता.

आता एकच अडलंय. पंख दुमडण्याच्या यंत्रणेचं वेगळं वजन कुणाकडे आहे का? ग्रमनचा वजनतक्ता कुणी पाहिला असेल तर तेवढी एक ओळ इथे टंकावी, ही विनंती.