मदत हवी आहे : विक्रीपूर्वी कोकणातील चिरेबंदी घराचे दर्शनी रूप कसे सुधारावे?

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. आम्ही सर्व भावंडे ठाणे आणि पुणे येथे स्थायिक असल्यामुळे ते विकण्याचे एकमताने ठरले आहे. सातबारा, वाटण्या, घरपट्टी ही बाजू मार्गी लागली आहे, त्यामुळे तो विषय येथे नको. प्रश्न एवढाच आहे, की बघायला येणाऱ्याच्या मनात घर बाहेरूनच भरावे यासाठी नेमका कोठे पैसा घालावा आणि कोठे हात आखडता घ्यावा.

घर जांभ्या चिऱ्याचे, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी व अंगण, भोवती गडगा (रचीव दगडांचे कुंपण). वासे आणि रिपा शाबूत आहेत. दर्शनी भिंतीवर मात्र वडिलांच्या काळात चुन्याच्या गिलाव्यावरच ऑइलपेंट दिला गेला होता, त्याचे आता पोपडे सुटले आहेत. नखाने एखादा पोपडा उचकटला तर पिठासारखी पांढरी भुकटी हाताला लागते आणि आतला गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजतो. पागोळ्यांचे पाणी अंगणातून उसळून जोत्यावर आणि चिऱ्याच्या खालच्या थरांवर आदळत असल्याने तेथे काळपट शेवाळ धरले आहे. पश्चिमेच्या भिंतीला पावसाची झड थेट लागते म्हणून पूर्वी दरवर्षी झाप (माडाच्या झावळ्यांचे विणलेले आडोसे) बांधत असत. घर बंद राहू लागल्यापासून तेही थांबले.

गावातील एका मध्यस्थाचा सल्ला असा, की बाहेरून सर्व भिंतींना सिमेंटचा गिलावा करून वर गडद रंग मारावा, कौले उतरवून रंगीत पत्रे घालावेत आणि अंगणात पेव्हर ब्लॉक बसवावेत, कारण मुंबईचे गिऱ्हाईक आधी फोटो बघते. थोरल्या बंधूंना हे पटले आहे. मला पटत नाही, आणि ते केवळ जुन्या घराच्या मायेपोटी नव्हे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि पुढे कोरड्या दिवसांत ते बाहेर टाकतो. सिमेंटने त्याचे तोंड बंद केल्यावर ओल आतच कोंडणार, आणि पुढच्या आषाढात नव्या मालकाच्या डोळ्यांदेखत रंग फुगणार. दोष झाकून घर गळ्यात मारणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय गुहागरसारख्या ठिकाणी घर शोधत येणारा माणूस बहुधा कौलारू घरासाठीच येतो. पत्र्याचे छप्पर त्याला शहराच्या वेशीवरही मिळते.

माझा विचार असा आहे : आधी शाकारणी करून फुटकी कौले बदलावीत, पागोळ्यांखाली पन्हळ लावावी आणि अंगणाचा उतार घरापासून लांब काढावा, म्हणजे ओलीचे मूळच तुटेल. त्यानंतर दर्शनी भिंतीवरचा ऑइलपेंट व सुटलेला गिलावा खरवडून चुन्याचा नवा गिलावा करावा आणि वर चुन्याचे पातळ हात द्यावेत. बाजूच्या भिंतींचा चिरा उघडाच ठेवून फक्त दरजा (चिऱ्यांमधले सांधे) चुन्याने भरून घ्याव्यात. दारे-खिडक्यांना तेलपाणी, गडग्याचे ढासळलेले दगड पुन्हा रचणे आणि मोडके बेडे (कुंपणाचे फाटक) बदलणे ही कामे किरकोळ आहेत, ती होतील.

जाणकारांनी पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. ऑइलपेंट गिलाव्याला धक्का न लावता निघतो, की तेथपर्यंतचा सगळाच गिलावा काढावा लागतो? शेवाळ काढण्यासाठी प्रेशरच्या पाण्याने भिंत धुतल्यास चिऱ्याच्या दरजा सुटतील अशी मला भीती वाटते. त्याऐवजी ब्लीचिंग पावडर आणि काथ्याचा ब्रश पुरेल का? चुन्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घातल्यास शेवाळ उशिरा धरते असे जुने लोक सांगतात, त्याचा अनुभव कोणाला आहे का? उघड्या चिऱ्यावर पारदर्शक पाणीरोधक द्रावण मारावे, की तेही त्याला कोंडणारेच ठरेल?

वेळेचाही पेच आहे. बंधूंना दिवाळीच्या सुट्टीत घर दाखवायचे आहे. पण पावसाळा संपल्यावर भिंत पुरती सुकायला मार्गशीर्ष उजाडेल, असा माझा अंदाज आहे. अशा वेळी दिवाळीत फक्त साफसफाई करून घर आहे तसे दाखवावे, की काम पुरे करून शिमग्याच्या सुमारास दाखवावे? घर विकलेल्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा. तसेच चिपळूण-गुहागर भागात चुन्याच्या कामाची सवय असलेला गवंडी कोणाच्या माहितीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपाने कळवावे.