मदत हवी आहे: पाठीतल्या पाण्यातील मेटाबोलाइटवरून मज्जारज्जूच्या दाहाचे निदान, आणि पाणी दुसऱ्यांदा काढण्याचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या बहिणीच्या आजारपणाविषयी हा धागा काढत आहे. ती 31 वर्षांची आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या सुताच्या रंगाई खात्यात आहे. शिक्षण रसायनशास्त्रातील बी.एस्सी. त्यामुळे यंत्रांची आणि नमुन्यांची भाषा थोडीफार कळते, वैद्यकातले मात्र वाचले आणि डॉक्टरांकडून ऐकले तेवढेच ठाऊक आहे. न्यूरॉलॉजी, जीवरसायनशास्त्र व पॅथॉलॉजीतील जाणकारांनी आणि या आजारातून गेलेल्या कुटुंबांनी कृपया सविस्तर लिहावे.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा नुकतीच उरकली होती, तेव्हा तिला डाव्या डोळ्याने धुरकट दिसू लागले आणि डोळा फिरवला की दुखू लागले. घरात लाल सुताची एक लड पडलेली होती. ती तिच्यापुढे धरली आणि एकेक डोळा झाकून बघायला सांगितले. उजव्या डोळ्याने ती आमच्या शेडकार्डावर आहे तशीच गडद लाल दिसली. डाव्या डोळ्याने बघून ती म्हणाली, "दादा, ही तर दहा वेळा धुतल्यासारखी वाटते." नेत्रतज्ज्ञांनी ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेचा दाह, असे निदान केले; स्टिरॉइडने नजर बरीचशी परत आली. एप्रिलमध्ये मात्र कमरेखाली मुंग्या आल्या, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे होऊ लागले आणि लघवी अडली. एमआरआयमध्ये मज्जारज्जूत सलग 4 मणक्यांच्या लांबीची सूज दिसली.

पाठीतले पाणी, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव, तपासले. त्यात 60 पेशी, बहुतेक लिम्फोसाइट; प्रथिने 78 आणि साखर 52. ऑलिगोक्लोनल बँड (मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये बहुधा दिसणारे अँटिबॉडींचे पट्टे) मिळाले नाहीत. रक्तातील अ‍ॅक्वापोरिन-4 आणि मॉग या दोन्ही अँटिबॉडी (स्वतःच्याच मज्जासंस्थेतील प्रथिनांवर उलटणाऱ्या) निगेटिव्ह आल्या. क्षयाच्या शंकेपोटी सीबीनॅट (क्षयजंतूचे डीएनए शोधणारी तपासणी) केली, तीही निगेटिव्ह. एडीए, म्हणजे क्षयात वाढणारे एक विकर, वाढलेले नाही. सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणजे क्षय नाहीच, असे म्हणता येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले आहे. म्हणून सध्या कागदावर तीन नावे आहेत: अँटिबॉडी न सापडलेला एनएमओ (डोळ्याच्या नसा व मज्जारज्जूवर हल्ला करणारा आजार, बहुधा अ‍ॅक्वापोरिन-4 अँटिबॉडीमुळे होणारा), मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंचे आवरण खराब करणारा आजार), आणि अद्याप न पुसलेला क्षय.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त त्रास होतो, ती सांगतो. पाणी काढले सकाळी 11 वाजता. त्याच वेळी रक्तातील साखर कोणी तपासली नाही. ती तपासली दुसऱ्या दिवशी दुपारी, मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा 1 ग्रॅमचा पहिला डोस गेल्यानंतर, आणि ती आली 210. पाण्यातील साखर साधारणपणे रक्तातील साखरेच्या दोन-तृतीयांश असते, आणि इथे 52 ला 210 ने भागल्यावर पाव हिस्साही भरत नाही. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात पाण्यातील साखर घटते, त्यावरूनच क्षयाची शंका बळावली. परंतु स्टिरॉइडने रक्तातील साखर चढते, आणि पाणी काढले त्या घटकेला ती 90 असती, तर हेच 52 अगदीच वावगे ठरले नसते. शिवाय नमुन्याची नळी संध्याकाळपर्यंत खोलीतल्या टेबलावरच होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एप्रिलमधली सोलापूरची दुपार आणि पंखाही बंद. पाण्यातील जिवंत पेशी नळीतही साखर खात राहतात आणि लॅक्टेट सोडतात. तिचे लॅक्टेटही थोडे वाढलेले आले. ते आजाराचे होते की टेबलावरच्या त्या सहा तासांचे, हे आता कोणीच सांगू शकत नाही. रंगाईत नमुना घेतल्याची वेळ लिहिली नाही तर आम्ही तो फेकून देतो. इथे माणसाच्या पाठीतून काढलेल्या पाण्यावर वेळ नव्हती.

अशा मनःस्थितीत एका खासगी प्रयोगशाळेचा प्रतिनिधी आम्हाला भेटला. रक्ताच्या एका नमुन्यातून शेकडो मेटाबोलाइट (चयापचयातून तयार होणारे लहान रेणू) मोजून "मेंदूच्या दाहाचा नेमका प्रकार" सांगू, खर्च 28,000 रुपये, असे त्याचे म्हणणे. आई लगेच तयार झाली. मी थोडी मुदत मागून घेतली आणि वाचायला बसलो.

मला समजले ते असे. दाह पेटला की इंटरफेरॉन-गॅमा या संदेशवाहक प्रथिनाच्या प्रभावाने आयडीओ हे विकर जागे होते आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे किन्युरेनिनमध्ये रूपांतर करू लागते. त्याच साखळीत पुढे मायक्रोग्लिया व मॅक्रोफेज या संरक्षक पेशी क्विनोलिनिक आम्ल तयार करतात, जे चेतापेशींना घातक असते. इंटरफेरॉन-गॅमामुळेच या पेशींतून निओप्टेरिन बाहेर पडते. म्हणून पाठीतल्या पाण्यातील निओप्टेरिन आणि किन्युरेनिन व ट्रिप्टोफॅन यांचे गुणोत्तर पाहून मज्जासंस्थेत दाह चालू आहे की नाही याचा अंदाज घेता येतो, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या दाहात निओप्टेरिनचा असा उपयोग केलाही जातो. पण क्षयाच्या मेनिंजायटिसमध्येही निओप्टेरिन वाढते. आमच्या घरात दाह आहे की नाही हा प्रश्नच उरलेला नाही. तो एमआरआयवर उघड्या डोळ्यांनी दिसतो. तो कोणत्या कारणाने आहे, एवढेच विचारायचे आहे.

त्यासाठी एकेक रेणू न पाहता सगळ्यांचा मिळून आकृतिबंध पाहतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये रक्तद्रवाच्या एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखण्याच्या) तपासणीवरून मल्टिपल स्क्लेरोसिस, अ‍ॅक्वापोरिन-4चा आजार आणि मॉगचा आजार यांचे आकृतिबंध वेगळे ओळखता येतात असे दाखवले. हे वाचून मला खरोखर आशा वाटली. मग आमच्या कामातली एक गोष्ट आठवली. दोन लड्या ट्यूबलाइटखाली हुबेहूब एका शेडच्या दिसतात आणि बाहेर उन्हात नेल्या की एक तपकिरीकडे झुकते, कारण दोन्हींत रंगद्रव्ये निराळी असतात. त्या अभ्यासातील रुग्णांचे आजार आधीच नावानिशी ठरलेले होते. माझ्या बहिणीसारख्या, कोणतीही अँटिबॉडी हाती न लागलेल्या आणि क्षयाचीही शंका असलेल्या रुग्णाला त्याच दिव्याखाली धरले, तर जुळलेली शेड खरी मानायची का? त्यात तिच्या रक्तात स्टिरॉइड आहे, ज्याने साखर आणि अमिनो आम्ले दोन्ही हलतात. जेवण, दिवसाची वेळ आणि मूत्रपिंडांचे काम यांनीही रक्तातील आकडे बदलतात.

निदानावर पुढचे सगळे उपचार अवलंबून आहेत, म्हणून ही घाई. मल्टिपल स्क्लेरोसिसवर दिली जाणारी इंटरफेरॉन-बीटा, फिंगोलिमोड यांसारखी औषधे एनएमओमध्ये आजार वाढवू शकतात. एनएमओ असेल तर रिटक्सिमॅबसारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध वेळेत सुरू झाले पाहिजे, आणि क्षय असताना तेच दिले तर अनर्थ होईल.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे. रक्तावरची ही 28,000 रुपयांची तपासणी आज कोणताही न्यूरॉलॉजिस्ट उपचार ठरवण्यासाठी वापरतो का, की ती अजून संशोधनाच्याच पायरीवर आहे? दुसरे, आमचे डॉक्टर पाणी पुन्हा काढायला तयार आहेत. ते काढायचेच असेल, तर त्याच वेळी रक्तातील साखर घेणे, नळी ताबडतोब सेंट्रिफ्यूज करून पेशी वेगळ्या करणे, निओप्टेरिन उजेडात नासते म्हणून नळीला फॉइल गुंडाळणे, पहिल्या आणि शेवटच्या थेंबांच्या नळ्यांना क्रमांक देणे आणि उरलेले पाणी उणे 80 अंशांवर ठेवणे, एवढे मी लिहून काढले आहे. यात काही राहिले आहे का? आणि स्टिरॉइड थांबवल्यावर किती दिवसांनी पाणी काढलेले बरे? पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनएमआर यंत्रे आहेत हे मला माहीत आहे, पण यंत्र असणे आणि रुग्णाच्या हाती अहवाल देणे यात अंतर आहे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये (मेंदू व मानसिक आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत) अशा रुग्णांचा अनुभव कोणाला असल्यास अवश्य लिहा. उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते, प्रवासाची अडचण नाही.

आणखी एक. मे महिन्यात पारा 43 वर गेला, तेव्हा गच्चीवरचे वाळवण उचलून खाली येईपर्यंत तिची डावी नजर पुन्हा मंदावली आणि कूलरसमोर अर्ध्या तासात पूर्ववत झाली. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने जुनी इजा तात्पुरती डोके वर काढते, हा नवा झटका नव्हे. तुमच्याकडेही असे घडले असेल तर कसे सांभाळलेत?

भर, चार दिवसांनी:

प्रतिसाद देणाऱ्या सर्वांचे मनापासून आभार. एका डॉक्टरताईंनी सुचवल्याप्रमाणे 28,000 रुपयांची तपासणी आम्ही रद्द केली आहे. अ‍ॅक्वापोरिन-4ची तपासणी स्टिरॉइड चालू असताना झाली होती, म्हणून काही महिन्यांनी ती सेल-बेस्ड (पेशींवर अँटिबॉडी चिकटते का हे पाहणाऱ्या) पद्धतीने पुन्हा करायची, हेही आमच्या डॉक्टरांनी मान्य केले. आईला मीच समजावले. ती दोन दिवस बोलली नाही, काल स्वतःहून फाइल नीट लावून दिली.

पाणी पुढच्या गुरुवारी काढायचे ठरले आहे. साखर, पेशी, क्षयाचे कल्चर हे सारे इथेच ताबडतोब होईल आणि वेळ मी स्वतः नळीवर लिहून घेणार आहे. उरलेले पाणी पुढे कोणत्या अभ्यासाला किंवा तपासणीला लागले तर हाताशी असावे, म्हणून गोठवून पाठवायचे आहे, पण सोलापुरात लहान प्रमाणात कोरडा बर्फ मला अजून मिळालेला नाही. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्या तालुक्यांच्या गावी असतात. त्यातून प्रयोगशाळेला चालेल अशा रीतीने नमुना नेता येतो का, किंवा कोरडा बर्फ शहरात कुठे मिळतो, हे कोणाला माहीत असल्यास बुधवारच्या आत कळवावे.