मुलं चार्टरमध्ये गेली, तरी डिस्ट्रिक्टचा खर्च का घटत नाही? (पेनसिल्व्हेनिया)

निळीपेन्सिल:
आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) बजेटात 'चार्टर ट्युशन'चा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या चार्टर शाळांना डिस्ट्रिक्टने द्यायच्या फीचा आकडा दरवर्षी फुगतोय आणि प्रॉपर्टी टॅक्स वाढवायचं चाललंय. मुलं गेली की त्यांचा खर्चही जायला हवा ना? मग तूट येते कुठून?

ताळेबंद:
मूल जातं, वर्ग जात नाही. समजा चार प्राथमिक शाळांमधून 100 मुलं गेली. किंडरगार्टन ते पाचवी, म्हणजे प्रत्येक शाळेच्या प्रत्येक इयत्तेतून जेमतेम चार. 25 च्या वर्गात 21 उरली म्हणून शिक्षक कमी करता येत नाही. बस, नर्स, हीटिंग तेवढंच लागतं. दर माणशी 14,000 डॉलर धरला, तर 14 लाख मात्र पूर्ण द्यावे लागतात. खासगी शाळेतून थेट चार्टरमध्ये गेलेल्या मुलाचं तर आणखी वाईट: ते डिस्ट्रिक्टच्या वर्गात कधी नव्हतंच, त्यामुळे वाचत काहीच नाही.

1997 च्या कायद्याने मूल जिथे राहतं ते डिस्ट्रिक्ट पैसे भरतं, वर्षाला 12 हप्ते. थकवले तर राज्य डिस्ट्रिक्टच्या अनुदानातून कापून चार्टरला देतं. पूर्वी राज्य यातला काही भाग डिस्ट्रिक्टला परत द्यायचं. 2011-12 च्या बजेटात ते बंद झालं. माझ्या मते टॅक्सवरचा भार तिथूनच वाढला.

आकडेमोड:
माणशी दर राज्याच्या शिक्षण खात्याच्या पीडीई-363 फॉर्मवर निघतो, तो मागून घ्या. आधीच्या वर्षीच्या बजेटातून वाहतूक, बांधकाम, कर्जफेड वगैरे वजा करून मुलांच्या सरासरी संख्येने भागतात. खरा घोळ स्पेशल एज्युकेशनच्या, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांमागे द्यायच्या वाढीव रकमेत आहे. तिथे प्रत्यक्ष मुलांनी नाही, एकूण पटाच्या 16 टक्क्यांनी भागतात. पट 5,000 आणि हा खर्च 1.6 कोटी डॉलर असेल, तर 800 ने भागून 20,000. अशी मुलं प्रत्यक्षात 1,000 असतील, तर खरी सरासरी 16,000 च. माणशी 4,000 जास्त गेले! शिवाय फक्त स्पीच थेरपी लागणाऱ्या मुलाला आणि दिवसभर मदतनीस लागणाऱ्या मुलाला दर एकच. हे अन्यायाचं आहे. (हे इमारतीत भरणाऱ्या चार्टरचं, ऑनलाइनचे नियम 2024 मध्ये बदलले.)

सईची_आई:
चार्टरचंही ऐका: बांधकाम आणि कर्जफेड वजा झाल्यावर हातात येणाऱ्या पैशातून त्यांना इमारतीचं बहुतेक भाडं भरावं लागतं. मॅसॅच्युसेट्सची सोय मला पटते. ट्युशन जेवढी वाढली त्याच्या 100, मग 60, मग 40 टक्के रक्कम राज्य तीन वर्षांत डिस्ट्रिक्टला देतं. तेवढ्या अवधीत वर्ग एकत्र करता येतात.

बोर्डाच्या बैठकीत एवढं नक्की विचारा: दर महिन्याचं चार्टर बिल कोण तपासतं? पत्ता, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आयईपी (स्पेशल एज्युकेशनच्या मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) चालू आहे का. घर बदललेल्या मुलाचं बिल जुन्याच डिस्ट्रिक्टला येत राहतं, ते इथेच सापडतं.