‘ईटिंग डिसऑर्डर रिस्क’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न

विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणते आहे. मूळ मजकुरात ‘ईटिंग डिसऑर्डर रिस्क’ पानोपानी आहे. मी ‘आहारविकाराचा धोका’ असं लिहिलं आणि कच्चा मसुदा एका विद्यार्थिनीला वाचायला दिला. ती म्हणाली, ‘म्हणजे अरबटचरबट खाऊन पोट बिघडतं, तेच ना?’ ‘खाण्याचे विकार’ चालेल का? रिस्कला धोका म्हणू की जोखीम? आणि अ‍ॅनोरेक्सियासाठी ‘क्षुधानाश’ असा शब्द सापडला, तो वापरावा का?

प्रतिसाद

तिचं काही चुकलं नाही. हृदयविकार, त्वचाविकार, नेत्रविकार या सगळ्यांत जे बिघडलंय ते आधी येतं. त्या चालीने ‘आहारविकार’ म्हणजे आहारातच खोट, असं वाचलं जाणार. प्रत्यक्षात ताटातलं अन्न ठीक असतं. बिघाड असतो खाण्याच्या वागण्यात आणि वजनाबद्दल, शरीराबद्दल मनात सतत चाललेल्या विचारांत. पहिल्यांदा ‘खाण्यासंबंधीचे मानसिक आजार’ असं सविस्तर लिहा, पुढे ‘खाण्याचे विकार’ पुरे.

प्रतिसाद

‘क्षुधानाश’ मात्र अजिबात नको. ‘अ‍ॅनोरेक्सिया’ हे मुळातलं ग्रीक नावच फसवं आहे. भूक नसणे एवढाच त्याचा अर्थ. १८७०च्या दशकात विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ केलं आणि ते तसंच चालत आलं. या आजारात भूक बहुतेकदा लागते, पण वजन वाढण्याच्या भीतीने ती दाबली जाते. आपल्याकडे भूक मरणे आणि भूक मारणे असे दोन वेगळे प्रयोग आहेत. तापात भूक मरते, इथे ती मारली जाते. पत्रकात ‘अ‍ॅनोरेक्सिया’ हेच नाव ठेवा आणि पुढे ‘भूक मारत राहण्याचा आजार’ असा खुलासा करा. उपासमारीने डोक्यातून अन्न जात नाही, उलट तेच घर करून बसतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी पुरुष स्वयंसेवकांना अनेक महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्यातले कित्येक जण पाककृती वाचत बसायचे. ‘सारखा खाण्याचाच विचार येतो’ असं म्हणणाऱ्याला हावरट ठरवण्याआधी हे लक्षात असावं.

आता रिस्क. जोखीम आपण घेतो, पत्करतो. ‘जोखीम असलेले विद्यार्थी’ म्हटलं की त्यांनी ती आपणहून ओढवून घेतली असा सूर लागतो. धोका संभवतो, त्यात दोष कुणाच्या माथी येत नाही. म्हणून धोका बरा.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. विद्यार्थ्यांच्या पाहण्यांमध्ये ‘रिस्क’ बहुतेक वेळा प्रश्नावलीतल्या गुणांवरून ठरते. ईएटी-२६ नावाच्या प्रश्नावलीत २६ प्रश्न असतात आणि २० किंवा जास्त गुण आले की पुढची तपासणी करावी असं समजतात. स्कॉफ नावाच्या दुसऱ्या प्रश्नावलीत पाचच प्रश्न, दोन होकार आले की तेच. ही झाली चाळणी. निदान प्रत्यक्ष भेटून, बोलून, तपासून होतं. बातमीत मात्र ‘इतक्या टक्के विद्यार्थ्यांना विकार’ असं छापून येतं. समजा, १००० जणांत ३० जण खरोखर आजारी आहेत. चाळणीने त्यातले २५ टिपले आणि उरलेल्या ९७० पैकी ९७ जणांनाही बाजूला काढलं. यादीत १२२ नावं आली, आजारी त्यातले २५. शिवाय पाच जण निसटलेच. म्हणून ‘चाचणीत धोका दिसला’ आणि ‘आजाराचं निदान झालं’ ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी कधीही येऊ देऊ नका. त्या ९७ जणांनाही ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून वाटेला लावायचं नाही. जेवण चुकवणं, कडक डाएट, आरशासमोरची घालमेल हे त्यांच्यातल्या अनेकांचं चाललेलंच असतं आणि या आजारांची सुरुवात पुष्कळदा डाएटपासूनच होते.

प्रश्नकर्ती

हा फरक मसुद्यात चार ठिकाणी पुसला गेला होता, दुरुस्त करते. ‘बिंज ईटिंग’चं काय? ‘खादाडी’ लिहिलंय.

प्रतिसाद

खादाडी हल्ली मौजेचा शब्द झालाय, मित्रमंडळी जमवून करायची गोष्ट. इथलं खाणं बहुतेक एकट्याने, लपून, पोट दुखेपर्यंत होतं आणि त्यानंतर स्वतःची किळस येते. आपलं आपल्याला थांबता येत नाही, ही त्याची खूण. ‘खाण्यावरचा ताबा सुटणे’ लिहा. अधाशीपणा, हावरटपणा हे शब्द तर कटाक्षाने टाळा. ते घरात ऐकून ऐकून मुलं लपून खायला लागू शकतात.

‘सवय’ही जपून वापरा. ‘खाण्याच्या वाईट सवयी’ म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, ‘मनावर घेतलं की सुटेल.’ ज्या मुलीला खाल्लेलं बाहेर काढायला केलेल्या उलट्यांमुळे पोटॅशियम कमी होऊन हृदयाचे ठोके अनियमित होण्याची भीती आहे, तिला मनोनिग्रहाचा सल्ला देऊन भागत नाही. तिला डॉक्टर हवेत. आणि ‘हाडांचा सापळा’ छापाची वर्णनंही काढून टाका. बुलिमियात, म्हणजे ताबा सुटून खायचं आणि मग उलट्या वगैरे करून त्याची भरपाई करायची या आजारात, वजन बहुधा सर्वसाधारण असतं. अशी वर्णनं वाचून ‘मी कुठे तशी दिसते’ म्हणत ती मदत मागायचीच नाही.

प्रतिसाद

एक व्याकरणाचं. मसुद्यात ‘जेवण टाळतेस का?’, ‘लपून खातेस का?’ असे प्रश्न आहेत. मुलगा पहिल्याच प्रश्नाला पान उलटेल. हे आजार मुलांनाही होतात. त्यांच्यात ध्यास पुष्कळदा बारीक होण्याचा नसून पिळदार होण्याचा असतो, त्यामुळे ते व्यायामाच्या आड सहज लपतात आणि उशिरा लक्षात येतात. सगळे प्रश्न ‘तुम्ही’ने करा: ‘जेवण टाळता का?’, ‘व्यायाम चुकला तर बेचैन होता का?’ क्रियापदात लिंग येत नाही आणि वाचणारं कुणीही बाहेर राहत नाही. ‘वजन’सोबत ‘शरीराची ठेवण’ही लिहा, नाहीतर वजन वाढवायला धडपडणारा मुलगा म्हणेल, हे माझ्यासाठी नाही.