घरी गाडीचं काम करायला पाने-गोटी (सॉकेट) कोणती घेऊ? एक बोल्ट गोल करून बसलोय (इंदूर)

सुदामानगरी

मंडळी मदत हवी. गाडी जुनी मारुती आहे, छोटी हॅचबॅक, ऑइल, फिल्टर, बॅटरी ही कामं दोन-तीन वर्षं घरीच करतो. या रविवारी पोहे खाऊन पुढचे ब्रेक पॅड बदलायला बसलो आणि फसलो. माझ्याकडे ऑनलाइन घेतलेला ४६ तुकड्यांचा डबा आहे, त्यातल्या रॅचेटनं (एकाच दिशेनं पकडणारा गोटीचा दांडा) कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाचा, वरचा बोल्ट सुटला, खालचा १२ मिलिमीटरचा काही हलेना, मग मी दांड्यावर पाईप चढवला तर रॅचेटच आतून कटकट करायला लागला, आता दोन्हीकडे मोकळा फिरतो. मग आजोबांची पेटी काढली. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये फिटर होते, १९९१ला मिल बंद पडली तेव्हापासून पेटी माळ्यावरच होती. त्यातला १/२ लिहिलेला पाना बोल्टवर बसला, जरा ढिला होता पण बसला, जोर लावला आणि बोल्टचे कोपरे गोल. आई म्हणते आजोबा असते तर तोच पाना तुझ्या डोक्यात घातला असता.

तर आता (१) हा बोल्ट काढू कसा आणि (२) ४-५ हजारात नीट सामान घ्यायचं तर काय घेऊ? २००-२५० तुकड्यांचे मोठे डबे दिसतात, ते घ्यावेत का? गाडी पोर्चमध्ये चाक काढून जॅकवर उभी आहे, बाईकवर फिरतोय सध्या.

तिलकनगर_०९

भाऊ ब्रेकचं काम मेकॅनिकला दे की, कशाला जिवाशी खेळ.

निवृत्त_मेंटेनन्स

ब्रेकचं काम अवघड नाही, घाईचं नाही एवढंच. मी पीथमपूरला कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता घरच्यांच्या गाड्या बघतो.

आधी आजोबांच्या पान्याची बाजू घेतो, कारण चूक त्याची नाही. १/२ म्हणजे अर्धा इंच, आमच्या भाषेत चार सूत, म्हणजे १२.७ मिलिमीटर. तुझा बोल्ट १२चा. ०.७ मिलिमीटरची फट राहिली की पाना सपाट बाजूवर बसतच नाही, फक्त कोपऱ्यावर टेकतो, आणि कोपरा सोलला जातो. जुन्या मिलमधली बरीच यंत्रं विलायती, त्यांचे नट-बोल्ट इंचात, त्यामुळे त्या पेटीतलं बहुतेक सामान इंची असणार. पान्यावर नीट बघ, एएफ लिहिलं असेल तर तो आकडा तोंडाच्या मापाचा. डब्ल्यू लिहिलं असेल तर तो व्हिटवर्थ, तिथं आकडा तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणून डब्ल्यूवाल्या चार सूत पान्याचं तोंड २३ मिलिमीटरच्या वर भरतं. नवीन पोरं इथंच गोंधळतात. पण सगळी पेटी माळ्यावर टाकू नको. पाऊण इंच एएफ म्हणजे १९.०५, तो १९ला मस्त बसतो. पाच-सोळांश म्हणजे ७.९४, तोंडाला घसारा नसेल तर ८च्या नटावर बसतो. चार सूत मात्र तुझ्या गाडीत कुठंच लावू नको.

आता बोल्ट. वायर ब्रशनं साफ कर, भेगेत गंज सोडवणारं तेल थोडं मार आणि रात्रभर राहू दे. तेल डिस्कला किंवा पॅडला लागता कामा नये, जुनं फडकं मध्ये धर. मग १२ची सहा कोनी गोटी घे, बारा कोनी नको, आणि हातोडीनं ठोकून बसव. तिनंही पकडलं नाही तर ग्रिप प्लायर कचकचून आवळ. आणि बोल्टच्या मागे जी पिन आहे ती सोबत फिरत नाही ना बघ, फिरत असेल तर तिला पातळ फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना लावून धर. मला वाटतं तू बोल्ट फिरवतोयस आणि पिनच फिरतेय. बोल्ट निघाला की नवीन टाक, गोल झालेला परत लावू नको. आणि कॅलिपर ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नको, तारेनं बांध वर.

रामबागवाला

काकांनी बोल्टचं सांगितलंय, मी खरेदीचं सांगतो, कारण मी तोच ४६चा डबा घेऊन आधी शहाणा झालोय. त्यातला रॅचेट पाव इंची असतो (गोटी जिच्यावर बसते त्या चौकोनी खुंटीचं माप) आणि गोट्या ४ ते १४. म्हणजे चाकाचा नट खोलायला त्यात काही नाहीच, आणि ४, ४.५, ५.५ ह्या गोट्या मी आजतागायत वापरलेल्या नाहीत. डॅशबोर्डच्या स्क्रूला वगैरे तो डबा ठीक आहे, पाईप लावायचं काम नाही ते भिया.

मोठा डबाही घेऊ नकोस. तुकड्यांचा आकडा फुगवलेला असतो, अर्धे तर स्क्रूचे बिट. आपल्या जपानी घराण्याच्या गाडीला ८, १०, १२, १४, १७, १९ एवढ्यावर बहुतेक काम होतं. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं जपानी मापात १२चं, युरोपियन मापात १३चं, १० जाडीचं जपानीत १४ आणि तिकडे १६ किंवा १७. म्हणून सेटमधली १३, १५, १८ तुझ्याकडे बहुधा पडूनच राहतील.

सियागंजच्या बाजारात जा आणि सुटं घे. अर्धा इंची रॅचेट एक, टामी (गोटी लावायचा साधा लांब दांडा) एक, लहान-मोठं एक्स्टेन्शन, आणि १०, १२, १४, १७, १९च्या सहा कोनी गोट्या. थ्री-एट (३/८) इंची मिळालं तर १० ते १४साठी तेच बरं, हात आत जातो, पण आपल्याकडे दुकानात अर्धा इंचच जास्त पडलेला असतो. रिंग पाने आणि फिक्स पान्यांचा एकेक आठ नगी सेट घे, टपारियाचा घेतलास तरी चालेल, नाशिकचा माल आहे, माझ्याकडे ८ वर्षं झाली. जालंधर-लुधियानाच्या कंपन्यांचाही चांगला माल येतो. फक्त क्रोम व्हॅनेडियम छापलंय म्हणून भुलू नको, ते कोणीही छापतं. गोटी उलटी धरून बघ, भोक मधोमध आहे का, भिंत एका बाजूला जाड एका बाजूला पातळ नाही ना. रॅचेट हातात फिरवून बघ, ७२ दाती असेल तर ५ अंशात पुढं पकडतो, २४ दातीला १५ अंश हात हलवावा लागतो, इंजिनच्या खबदाडीत तेवढी जागा नसते.

आणि बोल्ट सोडवायला रॅचेट वापरूच नको. पहिला झटका टामीनं, मग रॅचेट. तुझा रॅचेट त्यामुळेच गेला.

पोलोवाली_विजयनगर

फोक्सवॅगनवाल्यांनी वरचा आकडा घेऊ नये 😄 मला १३, १६ आणि चांदणीसारखे टॉर्क्स बिट लागतातच, शिवाय बारा टोकांचे वेगळे बिट. एकदा ॲलन की घुसवून बघितली होती, तेवढ्यात तो बोल्ट गेला.

सुदामानगरी

काका, तुम्ही म्हणालात तेच झालं, पिनच फिरत होती! सियागंजातून टामी, १२ची गोटी, आठ फिक्स पाने घेऊन आलो, गोटी ठोकून बसवली, मागं पाना धरला, एका झटक्यात सुटला. आजोबांची पेटी पण साफ केली, पाऊण इंची पाना चाकाच्या नटावर असा बसला की काय सांगू. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं नट आवळायचा पाना) घेऊ का आता?

निवृत्त_मेंटेनन्स

छान. टॉर्क रेंच पुढच्या महिन्यात घे, आत्ता हिशोब समजून घे. २५ सेंटिमीटर दांड्याच्या टोकाला ४० किलोचा जोर म्हणजे साधारण १०० न्यूटन मीटर, दांडा ५० असेल तर २० किलोत तेवढंच. तुझ्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असेल. लोक चाकाच्या पान्यावर उभे राहून नट आवळतात आणि मग आटे मरतात. घेशील तेव्हा काम झालं की तो सर्वात कमी आकड्यावर सोडून ठेवायचा, आणि त्यानं नट सोडवायचा नाही.

रामबागवाला

एक मिनिट. गाडी रविवारपासून जॅकवरच उभी आहे म्हणालास ना? खाली घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) लावलीयेस का?

सुदामानगरी

नाही... जॅक आणि गाडीखाली दोन विटा.

निवृत्त_मेंटेनन्स

विटा फुटतात रे बाबा. वायर ब्रश ठेव खाली, पॅड राहू दे. कॅलिपर हातानं बोल्ट अडकवून लाव, चाक चढव, गाडी खाली उतरव. मग सियागंजात परत जा आणि दोन घोड्या घेऊन ये. ४-५ हजारात काय घेऊ विचारत होतास ना, ते हे.